कपाळावरची शेंडी

शेंडी माणूस मागे ठेवतो. रोनाल्डोने ती पुढे ठेवली. 2002च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये तुर्कस्तानविरुद्ध सेमीफायनलला तो उतरला तेव्हा बाकी डोकं भादरलेलं आणि कपाळावर तेवढा अर्धचंद्रासारखा केसांचा पुंजका. पोरांनी तसेच केस कापून घेतले आणि पुढे त्याने त्या पोरांच्या आयांची माफी मागितली. कारण विचारलं तर उत्तर झकास होतं: दुखापतीशिवाय कुणी दुसरं काही बोलत नव्हतं, केस कापले आणि सगळे दुखापत विसरले. सामन्यातला एकमेव गोल त्याचाच, तोही टो मारून, म्हणजे बुटाच्या टोकाने. गल्लीत टो मारणाऱ्याला आपण शिव्या घालतो.

(हा ब्राझीलचा, मूळचा रोनाल्डो. पोर्तुगालवाल्याच्या चाहत्यांनी पुढे सरकावं.)

त्याच्याहून जास्त गोल करणारे, जास्त वर्षं टिकलेले कितीतरी झाले. तरी पन्नाशीकडे झुकलेली माणसं आजही त्याचं नाव काढलं की सैल होतात. त्याचा वेग हे कारण म्हणावं तर तो खरोखरच अचाट होता. बार्सिलोनातल्या एकुलत्या एका मोसमात, 1996-97मध्ये, 49 सामन्यांत 47 गोल. कॉम्पोस्तेलाविरुद्ध शर्ट ओढणारे, पाय घालणारे सगळे मागे टाकून त्याने गोल केला, तेव्हा प्रशिक्षक बॉबी रॉबसननी डोक्यालाच हात लावला. वय वीस. पण अशा खेळाडूचं माणसं कौतुक करतात, त्याला जीव लावत नाहीत. जीव लागला तो त्याच्या गुडघ्यांमुळे, असं माझं मत.

1998च्या वर्ल्ड कप फायनलच्या दिवशी दुपारी त्याला हॉटेलात झटका आला. संघाच्या यादीतून नाव गेलं, पुन्हा आलं, तो खेळला, ब्राझील 3-0 हरलं. एप्रिल 2000मध्ये, गुडघ्याच्या दुखापतीमुळे घेतलेल्या कित्येक महिन्यांच्या विश्रांतीनंतर, इटलीच्या इंटर मिलान क्लबकडून लाझिओविरुद्ध रोममध्ये उतरला आणि काही मिनिटांतच तोच उजवा गुडघा गेला. समोर कुणी आडवा आलेला नव्हता, धक्का नाही, काही नाही. संपला, असंच बहुतेकांना वाटलं.

आणि मग 30 जून 2002, योकोहामा, जर्मनीविरुद्ध वर्ल्ड कपची फायनल. आपल्याकडे रविवारची दुपार कलत होती. स्पर्धेत तोवर एकच गोल खाल्लेल्या जर्मन गोलकीपर ऑलिव्हर कानच्या हातून रिव्हाल्डोचा फटका सुटला आणि हा तिथे हजर. थोड्या वेळाने दुसरा. स्पर्धेत आठ गोल! ती शेंडी त्या दिवशी मलाही देखणी वाटली.

पुढे त्याचं पोट सुटलं. 2006मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांनी चक्क ब्राझीलच्या प्रशिक्षकाला विचारलं, रोनाल्डो जाडा झालाय का? यावर रोनाल्डोचा टोला असा, की लोक तर राष्ट्राध्यक्ष फार पितात असंही म्हणतात. माझं जाडेपण जितकं खोटं, तितकंच तेही खोटं असणार. त्याच वर्ल्ड कपात घानाच्या गोलकीपरला हुलकावणी देऊन त्याने वर्ल्ड कपमधला पंधरावा गोल केला. तो विक्रम 2014मध्ये जर्मनीच्या क्लोझेने मोडला, ब्राझीलमध्ये, ब्राझीलविरुद्धच्या 7-1 सामन्यात.

2011मध्ये निवृत्त होताना त्याने आपल्याला थायरॉइडचा त्रास असल्याचं सांगितलं. पोटावर विनोद करणाऱ्यांत मीही होतो. काही महिन्यांनी ब्राझीलने साओ पावलोत रुमानियाविरुद्ध निरोपाचा सामना ठेवला. तो पंधराएक मिनिटं खेळला. संधी मिळाल्या, एकही गोल झाला नाही, आणि सगळं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं.