पावतीवर बरोबर वेळ येईपर्यंत : योक्टोवर इमेज बनवतानाचा माझा अनुभव

दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि दर असतो, तशी तारीख-वेळही असते. बिल निघताना सकाळचं दूध कोणतं आणि संध्याकाळचं कोणतं, हे त्या वेळेवरूनच ठरतं. त्यामुळे आमच्या यंत्राच्या पहिल्या नमुन्यावर वीज गेली की घड्याळ पुसलं जायचं, ही गोष्ट मला किरकोळ वाटली नाही.

२०२३ साली हे काम माझ्याकडे आलं. बोर्ड होता बीगलबोन ब्लॅक, म्हणजे एका पट्टीवरचा छोटा संगणक, ५१२ एमबी रॅमचा. तयार लिनक्स टाकून काम चालत होतं, पण त्यात आम्हाला नको असलेल्या शंभर गोष्टी होत्या. आपल्यापुरती, मोजकी इमेज (कार्डावर टाकायची अख्ख्या लिनक्सची फाइल) बनवायची म्हणून योक्टो प्रोजेक्ट, म्हणजे असं लिनक्स बांधायच्या साधनांचा संच, घेतला. आवृत्ती कर्कस्टोन, म्हणजे ४.०, एप्रिल २०२२ मध्ये आलेली आणि दीर्घ मुदतीचा आधार असलेली.

सुरुवात सोपी आहे. पोकी, म्हणजे योक्टोचा मूळ संच, उतरवून घ्यायचं, त्याची सुरुवातीची स्क्रिप्ट चालवायची, लोकल डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये मशीनचं नाव बीगलबोन-योक्टो लिहायचं आणि बिल्ड चालवणाऱ्या बिटबेकला कोअर-इमेज-मिनिमल ही छोटी इमेज बनवायला सांगायचं. पहिला बिल्ड माझ्या चार कोअरच्या मशीनवर रात्रभर चालला. बोर्डासाठीचा कंपायलर, सी लायब्ररी, कर्नल (लिनक्सचा गाभा), सगळंच तो सोर्सपासून बांधतो, म्हणून एवढा वेळ. तयार झालेले तुकडे तो साठवून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्यांदा काही मिनिटांत उरकतं. डाउनलोडचा आणि या साठ्याचा फोल्डर बिल्डच्या बाहेर ठेवा, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

मग कार्डावर इमेज टाकली, बोर्ड चालू केला, आणि समोर जुनंच लिनक्स! बोर्डावरच्या मेमरीतलं बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) आधी उठतं. कार्डावरून उठवायचं तर कार्डाजवळचं बटण दाबून धरूनच वीज द्यावी लागते. हे कळलं ते बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणारी सिरीयल केबल जोडल्यावर. तीन तारा, वेग १,१५,२००, आणि बूटलोडरची पहिली ओळ डोळ्यांसमोर. ही केबल नसेल तर या कामाला हातच घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॉगिन केलं, वेळ विचारली. उत्तर आलं ९ मार्च २०१८, बारा वाजून चौतीस मिनिटं. वीज काढून पुन्हा लावली, पुन्हा तेच. कुणीही, कधीही बिल्ड केला तरी इमेज सारखीच निघावी म्हणून तिच्यात ही ठरावीक वेळ कोरलेली असते, आणि घड्याळ त्याहून मागे दिसलं की बूट होताना ते तिथे आणून ठेवलं जातं. बोर्डाला बॅटरीवरचं घड्याळ नाही. म्हणून डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आय-स्क्वेअर-सी (म्हणजेच आयटूसी) तारांवर जोडली, मागे नाण्यासारखा सेल.

आता इमेजला हे सांगायचं होतं. तपासायची साधनं हवी म्हणून लोकल डॉट कॉन्फमध्ये इमेजच्या यादीला आयटूसी-टूल्सचं नाव जोडलं. बिल्ड पडला: असं पॅकेज कुणीच देत नाही. एक अख्खी दुपार गेली. यादीच्या शेवटी नाव जोडणारा अपेंड स्वतःहून मधली मोकळी जागा टाकत नाही. अवतरणचिन्हानंतर आपणच एक स्पेस द्यायची असते. माझं नाव आधीच्या पॅकेजच्या नावाला चिकटून भलताच शब्द तयार झाला होता. जुन्या उदाहरणांत अपेंडच्या आधी अंडरस्कोअर दिसतो. ऑक्टोबर २०२१च्या आवृत्तीपासून तिथे कोलन आहे, तेही पाहून घ्यावं.

पुढची चूक मोठी होती. कर्नलच्या मेनूत चिपचा ड्रायव्हर निवडला आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) चिपची नोंद केली, पण हे सगळं केलं बिल्डच्या टेम्प फोल्डरमधल्या उघडलेल्या सोर्समध्ये. पुढच्या आठवड्यात डिस्क भरली म्हणून ते फोल्डर साफ केलं, आणि माझं काम त्याच्याबरोबर गेलं. तिथली प्रत बिटबेकची असते, आपली नाही. मग नीट स्वतःचा लेयर, म्हणजे आपल्या बदलांचा वेगळा फोल्डर, उभा केला. कर्नलच्या रेसिपीला (ते कसं बांधायचं हे सांगणाऱ्या फाइलला) जोडणारी बीबीअपेंड फाइल, ड्रायव्हरची एक ओळ असलेली छोटी कॉन्फिग फाइल, आणि डिव्हाइस ट्रीतल्या बदलाची फाइल, म्हणजे पॅच. सगळं गिटमध्ये, बदलांच्या नोंदीसकट. ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल, म्हणून घेतला तर मिनिमल इमेजमध्ये तो येतच नाही, म्हणून कर्नलच्या आतच बांधला.

तारांवरच्या चिप शोधणारं आयटूसी-डिटेक्ट चालवलं. ६८ पत्त्यावर आकड्याऐवजी यू-यू अशी अक्षरं आली. ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतल्याची ती खूण. मी खुर्चीतून उठलोच. चिपमध्ये वेळ भरली, वीज काढली, पुन्हा दिली. ९ मार्च २०१८.

दोन दिवस मी सोल्डरिंगवर आणि सेलवर संशय घेतला. शेवटी कर्नलचे संदेश एकेक ओळ करून वाचले. त्यात लिहिलं होतं, सिस्टिमचं घड्याळ १ जानेवारी २००० ला लावलं. आमच्या चिपने नव्हे, प्रोसेसरच्या पोटातल्या घड्याळाने! ते आधी नोंदवलं जातं म्हणून त्याला शून्य क्रमांक मिळत होता, आमच्या चिपला एक. आणि कर्नल शून्याकडेच वेळ विचारतं. ती वेळ मागची, म्हणून पुढे बूट होताना पुन्हा ९ मार्च २०१८. डिव्हाइस ट्रीच्या एलियसमध्ये (टोपणनावांच्या भागात) दोन ओळी लिहिल्या: शून्य क्रमांक डीएस३२३१चा, एक आतल्या घड्याळाचा. त्या दोन ओळींवर माझं फार प्रेम आहे.

एवढं झाल्यावर सकाळी साडेसहाच्या चाचणी पावतीवर एक वाजला दिसला. बरोबर साडेपाच तासांचा फरक, म्हणजे यंत्र भारताची नव्हे, जागतिक प्रमाणवेळ (यूटीसी) छापत होतं. टाइमझोनचं पॅकेज इमेजमध्ये घेतलं, डीफॉल्ट झोन एशिया-कोलकाता केला.

मग सहकाऱ्याच्या मशीनवर, माझ्या मशीनमधलं काहीही न घेता, फक्त गिटवरून सगळं उतरवून बिल्ड लावला. त्या इमेजचं कार्ड यंत्रात घातलं, एकदा वेळ भरली, शुक्रवारी संध्याकाळी वीज काढली आणि घरी गेलो. सोमवारी सकाळी बटण दाबून धरत वीज दिली आणि पहिली पावती काढली. तिच्यावर सोमवार होता, आणि मिनिटासकट भिंतीवरच्या घड्याळातली वेळ.