पट नव्वद, एक पेंडिंग

जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातली सगळ्यात धडकी भरवणारी तारीख म्हणजे ३० सप्टेंबर. त्या दिवशी पटावर जेवढी मुलं, त्यावर संचमान्यता होते आणि संचमान्यतेवर ठरतं शाळेत किती शिक्षक राहणार. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीचा हिशोब दिलेला आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. हा हिशोब आमच्याकडे पाढ्यांसारखा तोंडपाठ असतो.

माझी शाळा गिरणाऱ्याच्या पलीकडे, द्राक्षपट्ट्यात. मी तिथे प्रभारी मुख्याध्यापक, म्हणजे चौथी-पाचवीचे वर्ग घेऊन उरलेल्या वेळात माहिती भरणारी बाई. शिक्षक आम्ही चार. गावातल्या बागायतदारांची मुलं सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून नाशिकला इंग्रजी शाळेत जातात. त्यांतल्या काहींचे वडील माझ्याच हाताखाली शिकलेले. भेटले की पाया पडतात, मूल मात्र पाठवत नाहीत. आमच्या पटावर उरली ती मळ्यात कायम राहिलेल्या सालदारांची, फार्महाऊसच्या राखणदारांची, पॅकिंगला जाणाऱ्या बायांची लेकरं, आणि बांधकामावर आलेल्या यूपी-बिहारच्या कुटुंबांतली चार-दोन. त्या वर्षी पट होता ८८. मागच्या वर्षी शंभरीला टेकला होता.

अनुदानाच्या बाबतीत या चढउताराने फारसं बिघडत नाही, ही त्यातली गंमत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. एकतीस मुलं असोत की शंभर, रक्कम तीच. त्यातच खडू, झाडू, वीजबिल, नळाची तोटी, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च झाल्याचं दाखवायचं. पैशाला एवढी ढिलाई, पण माणसाला नाही. ९१ चा ९० झाला की एक शिक्षक अतिरिक्त, म्हणजे सेवेने सगळ्यात कनिष्ठ असेल त्याने दुसऱ्या शाळेत जायचं.

आमच्यातला सेवेने कनिष्ठ म्हणजे शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेला, तिसरी शिकवणारा तरुण सर. तुटपुंज्या मानधनावर शिक्षणसेवकाची तीन वर्षं काढून नुकताच कायम झालेला. बायको नाशिकला दवाखान्यात नोकरीला. त्यामुळे ३० सप्टेंबर जवळ आला की सर परिपाठाच्या वेळी रांगा मोजायचे, वळून पुन्हा मोजायचे.

त्या ३० तारखेला परिपाठ संपता संपता फाटकाशी एक पिकअप थांबली. छाटणीच्या टोळीचा मुकादम आणि पाच मुलं. गिरणाऱ्याच्या चौकात सकाळी सकाळी पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून जीप भरभरून मजूर येतात, भाव ठरतो आणि ज्याच्या त्याच्या बागेत जातात; ते संध्याकाळी परततात. ही टोळी मात्र एकरी ठेक्यावर मुक्कामाला आलेली होती. ज्यांची बाग, ते आमच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. त्यांनीच मुकादमाला बजावलं होतं, "फवारे चालू असतात, पोरं वेलीखाली नको. शाळेत घाल."

पाचपैकी तिघं सख्खी भावंडं, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेतली. दुसरीत, तिसरीत, पाचवीत. एक सहा वर्षांचा, कुठेच नाव न घातलेला. आणि एक मुलगी, आश्रमशाळेत पाचवीला होती, गणपतीला घरी आली ती परत गेलीच नाही. धाकटं भावंड सांभाळायला ठेवून घेतली होती.

तिच्या उजव्या हाताची बोटं गुलाबी होती. मेंदी म्हणावी तर रंग वेगळा. छाटणी झाली की काडीच्या टोकाच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, म्हणजे सगळे डोळे एकसारखे फुटतात. कुठली काडी झाली ते कळावं म्हणून तिच्यात रंग कालवतात. औषध जहाल, मोठ्या माणसांनीही हातमोज्याशिवाय हात लावू नये असं.

"तू लावत होतीस?"

"काल लावली. शेवटचे दोन डोळे."

मला २०११ ची पटपडताळणी आठवली. ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस सगळ्या राज्यात मुलं मोजली होती आणि तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा उभं राहू नये म्हणून बोटाला शाई लावली होती. तेव्हा कागदावर मुलं आणि वर्गात रिकामे बाक, असा मामला होता. इथे नेमकं उलटं झालेलं. वर्गात मूल बसलेलं आणि नाव साठ-सत्तर किलोमीटरवरच्या रजिस्टरात. सहकारी बाईंना बोलावून तिचे हात आधी साबणाने धुवायला लावले. मग बागायतदारांना फोन करून, समितीचे सदस्य आहेत हे विसरून, जे बोलायचं ते बोलले.

तेवढ्यात तिसरीचे सर ऑफिसात आले. त्यांचं गणित झालेलं होतं. "मॅडम, अठ्ठ्याऐंशी आणि पाच, त्र्याण्णव."

प्रवेशाला कायद्याची आडकाठी नव्हतीच. दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम पाच सांगतं. पण विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलला कलमं वाचता येत नाहीत. नवीन शाळेने ऑनलाइन रिक्वेस्ट टाकायची, जुन्या शाळेने ती मान्य करायची, तेव्हा मूल या पटावरून त्या पटावर जातं. आधी सहा वर्षांच्या पोराला घेतलं. मुकादमाच्या बायकोने प्लास्टिकच्या पिशवीतून त्याचं आधार काढलं. पोराला सगळे हाक मारतात ते नाव वेगळं, आधारवरचं वेगळं, आणि आधारवर आडनावही चुकलेलं. ते चुकलेलंच जसंच्या तसं भरलं. बरोबर लिहिलं असतं तर आधार इनव्हॅलिड दाखवलं असतं. पट ८९.

मग पाड्यावरच्या शाळेला फोन लावला. रेंजसाठी सर टेकाडावर आले असावेत, वारा ऐकू येत होता. मी भावंडांबद्दल सांगितलं.

"मॅडम, माझा पट बासष्ट आहे," ते म्हणाले. बाकी काही सांगायची गरज नव्हती. तिघं गेली की ५९, तिसरा शिक्षक गेला.

"पण सर, मुलं इथे आहेत. माझ्यासमोर बसलीत."

"आज आहेत. तुमचा द्राक्षमाल उतरला की परत माझ्याकडे. भात कापायला तर बाप दिवाळीलाच येऊन जाईल. वर्षातून सहा महिने मीच शिकवतो ना त्यांना?" थोडं थांबून म्हणाले, "इथे दोनच शिक्षक राहिले की एक मीटिंगला, एक रजेवर. शाळेला कुलूप. तुमच्याकडे निदान तीन किलोमीटरवर दुसरी शाळा तरी आहे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझंही नव्हतं. मग जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण खातेप्रमुखांनी ते वाचावं असंही वाटतं. आम्ही घासाघीस केली. दोन शाळांचे मुख्याध्यापक, तीन सख्ख्या भावंडांची.

"एक घ्या," ते म्हणाले. "पाचवीतला घ्या. तसाही जूनमध्ये तो सहावीला आश्रमशाळेत जाणार. दोघं माझ्याकडे राहू द्या. माझे एकसष्ट होतात."

माझे होत होते ९०. एक्क्याण्णवावी ती गुलाबी बोटांची मुलगी. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, खातं वेगळं, साहेब वेगळे. रिक्वेस्ट टाकली. मुख्याध्यापकांचा फोन लागेना. अधीक्षिका बाईंचा लागला, त्या म्हणाल्या, "ती येणार आहे परत. सुट्टीवर दाखवलीय." आश्रमशाळेलाही पट हवाच असतो. मी त्यांना दोष देत नाही. मुलीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, "आई इथं आहे ना."

मधल्या सुट्टीत मावशींनी खिचडी वाढली. शंभर ग्रॅम तांदूळ माणशी, ८८ मुलांचा हिशोब, जेवायला पाच जास्त. मावशी स्वतः महादेव कोळी, पेठकडच्या. त्यांनी मुलांशी त्यांच्या बोलीत दोन वाक्यं बोलताच दुसरीतला पोरगा सकाळपासून पहिल्यांदा हसला. आमच्या वर्गात प्रमाण मराठी, मजुरांच्या घरात कोकणा किंवा कोळ्यांची बोली, बांधकामावर भोजपुरी. भाषेचा हा सगळा भार मावशींवर, आणि त्यांचं मानधन महिना अडीच हजार.

दुपारनंतर सर्व्हर बसला. सबंध राज्यातल्या शाळा एकदम लॉगिन करत असणार. व्हॉट्सअॅपवर आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर 'अति तात्काळ' चे मेसेज. केंद्रप्रमुखांनी विचारलं, "शाळाबाह्य आणि स्थलांतरित विद्यार्थी किती? नसल्यास निरंक कळवा." तीन शाळांनी मिनिटभरात 'निरंक' टाकलं. त्यातली एक शाळा त्याच टोळीच्या मुक्कामापासून दोन शेतांवर आहे.

पाचवीतल्या मुलाची रिक्वेस्ट पाड्यावरच्या सरांनी संध्याकाळी मान्य केली. शब्दाला जागले. सात वाजता तिसरीचे सर आणि मी अजून ऑफिसात, हॉटस्पॉट माझ्या मोबाईलचा. पट नव्वद, एक पेंडिंग. सरांनी पान किती वेळा रिफ्रेश केलं असेल कोण जाणे. शेवटी म्हणाले, "मॅडम, त्या दोघांची पण रिक्वेस्ट टाका ना. ते सर मान्य करतील किंवा नाही करणार. टाकायला काय जातं?"

मी टाकली नाही. दिलेला शब्द होता, हे एक. आणि खरं सांगायचं तर मला पाड्यावरची शाळा जास्त महत्त्वाची वाटली. सर काही बोलले नाहीत, बॅग उचलून गेले. पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलत होते. त्यांच्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते.

दोघा भावंडांना पाड्यावरच्या शाळेने दिलेल्या शिक्षण हमी कार्डावर बसवून घेतलं, म्हणजे पट तिकडचा, वर्ग इकडचा. दिवाळीनंतर द्राक्षघडांच्या विरळणीला आणखी टोळ्या आल्या आणि डिसेंबरात माझ्या शाळेत रोज शंभराच्या वर मुलं बसत होती. त्याच महिन्यात पाड्यावरच्या सरांचा फोन आला, "हजेरी तीस-पस्तीस. आम्ही तिघं, तुम्हाला दोन हवेत का?" दोघंही हसलो. नाशिकची शेती ऑक्टोबर ते मार्च माणसं डोंगरावरून खाली ओढते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोजणी मात्र ओढ लागायच्या तोंडाशी होते आणि वर्षभर तीच धरून चालतात.

आश्रमशाळेची मान्यता नोव्हेंबरात आली. संचमान्यतेत तीन पदं आली, सर अतिरिक्त ठरले. समायोजनात त्यांनी सिन्नर रस्त्याकडची शाळा घेतली, घरापासून जरा लांब, पण बस मिळते. जाताना तिसरीच्या वर्गाला स्वतःच्या पैशाने गोष्टींची पुस्तकं देऊन गेले.

शिक्षण परिषदेत मी उभी राहून म्हटलं, स्थलांतराच्या तालुक्यांसाठी जानेवारीत दुसरी मोजणी घ्या, आणि मुलं जिथे असतील तिथे निदान चार महिन्यांपुरता शिक्षक द्या. मूळ शाळेचं पद त्या काळात गोठवा, कापू नका. साहेब म्हणाले, "मुद्दा चांगला आहे, लेखी द्या." लेखी दिलं. आठवड्याने त्यावर माहितीचा तक्ता आला, आजच सायंकाळी पाचपर्यंत भरून पाठवा म्हणून. त्यात पटावरील मुलं, पटावरील मुली, स्थलांतरित होऊन गेलेले असे रकाने होते. वर्गात बसलेल्या पण पटावर नसलेल्या मुलांसाठी रकाना नव्हता. तो मी पेनाने आखला, वर मथळा लिहिला आणि खाली ३४ भरून पाठवला.