आमची वाटचाल : कर्ण्यापासून १८ इंची बेसपर्यंत

अण्णांनी १९८६ साली कराडात लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा सुरू केला तेव्हा दुकानात एक अहुजाचा अँप (आवाज वाढवणारं यंत्र), चार कर्णे, दोन माईक आणि सामान वाहायला एक सायकल होती. लग्न असो की पालच्या खंडोबाची यात्रा, कर्णा झाडाला बांधला की काम झालं. आवाज पार शिवाराच्या टोकापर्यंत जायचा, पण त्यात ढोलकीची थाप पोचायची, घुमारा पोचायचा नाही. अण्णांना हे कायम सलायचं. ते स्वतः भजनात पखवाज वाजवायचे. धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावून सूर जुळवण्यात पंधरा मिनिटं घालवायची आणि मग तोच आवाज कर्ण्यातून पत्र्यासारखा बाहेर पडायचा. "ही कणीक मंडपाच्या शेवटच्या माणसाला ऐकू आली पाहिजे," असं ते म्हणायचे. आम्ही पुढं जे काही बेसचे स्पीकर घेतले, ते या एका वाक्यापायी.

मी आयटीआय करून १९९८ साली दुकानात बसलो आणि १५ इंची स्पीकरचे दोन बॉक्स घेतले. भजन, कीर्तन, नाटक यांना ते पुरले. मग ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या यायला लागल्या, मैदानं मोठी झाली, आणि २००८ मध्ये आम्ही चार १८ इंची स्पीकर उचलले. मागच्या स्टिकरवर २००० वॅट छापलेलं, मॅग्नेट परातीएवढा. एवढंच पाहून पैसे मोजले.

त्याच उन्हाळ्यात एका गावच्या यात्रेत रात्री साडेनऊच्या सुमारास बेस पातळ व्हायला लागला. ऑपरेटरनं लेव्हल वाढवली. दहा मिनिटांत पुन्हा पातळ, पुन्हा वाढवली. मग बॉक्सच्या पोर्टमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, वार्निश जळल्याचा वास आला. दोन स्पीकर गेले. पाहुणे समोर बसलेले, गाणारी बाई उभी, आणि आमच्याकडं नुसते टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे बॉक्स. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

कोल्हापूरच्या रीकोनवाल्या (जळके स्पीकर दुरुस्त करणाऱ्या) मिस्त्रींनी पेपर, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, कापून त्याला चिकटलेली तारेची कॉइल माझ्या हातात दिली. काळी पडलेली, वेढे स्प्रिंगसारखे सुटलेले. मोजली तर जेमतेम अडीच इंच. त्यांनी शेजारी दुसऱ्या एका चांगल्या स्पीकरची १०० मिलिमीटरची, म्हणजे चार इंची कॉइल ठेवली. "मॅग्नेट बघून घेतलास होय? उष्णता कुठनं बाहेर जाणार, ते बघ," म्हणाले. कॉइलच्या मधल्या लोखंडी पोल पीसमधलं हवेचं भोक, कॉइल मधोमध धरणाऱ्या कापडी स्पायडरखालच्या खिडक्या, सगळं बोट ठेवून दाखवलं. माझी खरी शिकवणी त्या बाकड्यावर झाली.

बेस पातळ का झाला ते तेव्हा कळलं. तांब्याची कॉइल १८० अंशांनी तापली तर तिचा रोध सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. अँप तेवढाच व्होल्टेज देत राहतो, पण स्पीकर कमी पॉवर घेतो. आवाज पडतो, ऑपरेटर अजून रेटतो, आणि कॉइल अजून तापते. म्हणून स्पीकर पहिल्या गाण्याला कसा वाजतो हे मी आता विचारत नाही. तिसऱ्या तासाला कसा वाजतो, ते विचारतो.

वॅटचंही तसंच. एईएस या ध्वनि-अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीनं मोजायचं तर पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेली खरखर) लावून स्पीकर दोन तास वाजवतात. त्यात जो आकडा टिकतो त्याच्या दुप्पट प्रोग्रॅम (गाण्याच्या चढउतारासाठीचा) आणि चौपट पीक (क्षणभराचा) आकडा लिहायची चाल आहे. म्हणजे ६०० वॅटचा आणि २४०० वॅटचा म्हणून विकला जाणारा स्पीकर एकच असू शकतो. शिवाय पॉवर दुप्पट केली तरी आवाज वाढतो ३ डेसिबलच. ९८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) स्पीकर ५०० वॅटवर जे देतो, त्यासाठी ९५ वाल्याला १००० वॅट लागतात, आणि ते जनरेटरच्या डिझेलमधून जातात.

पुढं थील-स्मॉल पॅरामीटर, म्हणजे कोणत्या स्पीकरला कसा बॉक्स लागतो ते सांगणारे आकडे, वाचायला शिकलो. नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ही मांडणी केली. तिच्यामुळं बॉक्स अंदाजपंचे कापावा लागत नाही. तोपर्यंत आमचे सुतार दुसऱ्याच्या बॉक्सला टेप लावून माप उतरवायचे, मग आत स्पीकर कोणताही असो. पहिला हिशेबाचा बॉक्स १८ मिलिमीटर प्लायचा केला, तेव्हा पोर्ट चार वेळा कापून ३८ हर्ट्झला बसवला. ट्यूनिंगच्या, म्हणजे या ३८ हर्ट्झच्या, खाली पेपरला हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट उडतो आणि कॉइल मागं आपटते. म्हणून त्या खालचं सगळं प्रोसेसरमध्ये, म्हणजे अँपआधीच्या आवाज गाळणाऱ्या यंत्रात, कापायचं. हे न करता महागडा स्पीकर लावणारे पाहिले की जीव कळवळतो.

१५, १८ की २१ हा प्रश्न नवी पोरं हमखास विचारतात. पेपरचं क्षेत्रफळ साधारण ८५०, १२०० आणि १६५० चौरस सेंटीमीटर. तेवढाच आवाज ८० ऐवजी ४० हर्ट्झवर काढायचा तर पेपरला चौपट हलावं लागतं. म्हणून मी आधी एक्समॅक्स, म्हणजे पेपर किती हलू शकतो ते, बघतो, इंच नंतर. ढोलकी-हलगीला १५ इंची पुरतो. किक ड्रम आणि बेस गिटार आली की १८ शिवाय भागत नाही.

निओडिमियमच्या हलक्या मॅग्नेटचा मोह आम्हालाही झाला. साध्या फेराइट मॅग्नेटचा १८ इंची १३ किलोच्या आसपास भरतो, निओ त्यापेक्षा चारेक किलोनं हलका. पण २०१०-११ मध्ये चीननं निर्यात आवळली तेव्हा भाव असे भडकले की आम्ही फेराइटवरच राहिलो. आमचे बेस जमिनीवर असतात, टांगायचे नसतात. टेम्पोत चढवताना पोरांना त्रास होतो हे खरं, म्हणून बॉक्सला चाकं लावली.

२०१४ पासून मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींच्या सुपाऱ्या घेत नाही. अरुंद गल्लीत, दोन्हीकडं घरं, आत म्हातारी माणसं आणि बाळंतिणी. खिडक्या थरथरताना मी पाहिल्या आहेत. त्या कामात पैसा होता, सोडताना घरात वादही झाला. पण ज्या घुमाऱ्यासाठी अण्णांनी आयुष्य घातलं, तो लोकांच्या छातीवर आदळायला नव्हता.

आता जुने १८ बदलायचे आहेत. दिवाळीनंतर एक २१ इंची दोन दिवस वाजवून बघायला आणला. अंगणात ठेवला, शेजारी आमचा जुना १८. अण्णा आता ऐंशीकडं झुकलेत. खुर्ची टाकून दहा-बारा मीटरवर बसले. पखवाज वाजवायला गावातला एक पोरगा आला, धुमेला ताजी कणीक. २१ इंचीतून आवाज आला तसा जमिनीत उतरला. अण्णा म्हणाले, "घुमतोय चांगला, पण बोटं दिसंनात." मी क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि टॉप यांच्यातली सीमा, १२० हर्ट्झवरून ८० वर आणला, वरचं काम टॉपकडं दिलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग १८ लावला, तोही ८० वर. बराच वेळ काही बोलले नाहीत, दोन्ही परत परत लावायला सांगितले.

शेवटी १८ घ्यायचं ठरलं. २१ चा बॉक्स आम्हाला लागणाऱ्या अर्ध्या देवळांच्या दारातून आत जात नाही, आणि त्याची रीकोन किट वेळेला मिळण्याची खात्री कुणी देईना. चार इंची कॉइल, फेराइट, पेपरच्या कडेला कापडी सराउंड. पावसाळ्यात फोम कुजतो म्हणून. आल्यावर प्रत्येक स्पीकर काट्यावर ठेवायचा, मीटरनं कॉइल मोजायची, सेल लावून पेपर पुढं येतो का बघायचं. चारांतला एक जरी उलटा जोडला गेला तर बेस मैदानातच मरतो.

चारही मार्गशीर्षातल्या सप्ताहाआधी यायचे आहेत. सुतार प्लाय कापायला लागलेत, आणि पहिला बॉक्स तयार झाला की अंगणात आणा, असं अण्णांनी बजावून ठेवलंय.