क्ष मानण्याआधी

एक नळ हौद ४ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत भरतो आणि तळाची तोटी उघडी राहिली तर भरलेला हौद १२ तासांत रिकामा होतो. तिन्ही एकदम चालू असतील तर हौद किती वेळात भरेल? हे उदाहरण माझ्या वडिलांच्या पुस्तकात होते, माझ्या पुस्तकात होते आणि आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी संध्याकाळी गणिते घेऊन येणाऱ्या शेजारच्या मुलांच्या वह्यांतही ते आहे. ज्या गावात नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला असतो आणि तो वारही अधूनमधून हुकतो, तिथल्या मुलांना अखंड एकसारख्या धारेने वाहणाऱ्या दोन नळांची कल्पना करायला सांगणे हे तसे धाडसाचेच काम आहे. सातवीतल्या एकाने तर मला सरळ विचारले, "काका, पण ते तोटी बंद का करीनात?" प्रश्न रास्त होता. बेळगावात पाणी असे वाया घालवणाऱ्या माणसाशी शेजारीपाजारी बोलणे टाकतील.

तरीही हे उदाहरण मला प्रिय आहे, कारण त्यात आकडेमोड नावापुरतीच आहे. तासाला किती हौद भरतो, असा प्रश्न एकदा स्वतःला विचारला की एक चतुर्थांश अधिक एक षष्ठांश वजा एक द्वादशांश म्हणजे एक तृतीयांश, म्हणून हौद ३ तासांत भरतो. पण तो प्रश्न सुचेपर्यंत कागद कोराच राहतो आणि मुलांना कोऱ्या कागदाची भीती वाटते. म्हणून ती दिसेल तो आकडा दिसेल त्या आकड्यात मिळवून, गुणून, भागून मोकळी होतात. अशा मुलांना गणित येत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांचे पाढे पक्के असतात, भागाकार चोख असतो, फक्त मांडणीला लागणारा वेळ त्यांना कुणी देऊ केलेला नसतो. क्ष कशाला मानायचे हे ठरवण्यात दहा मिनिटे गेली तर ती वाया गेली असे घरातल्या मोठ्यांनाच वाटते, मग मुलांना का वाटू नये?

शके-संवतांच्या हिशेबात न शिरता सांगायचे तर, भास्कराचार्यांनी 'लीलावती' ११५० च्या सुमारास लिहिली. त्यांचे गाव काही अभ्यासक शेजारच्या विजापूरला नेतात, तर काही चाळीसगावाजवळच्या पाटणला. गाव नेमके कुणीकडचे, हा वाद सीमाभागातल्या माणसाला अगदी घरचा वाटतो. त्यांचे एक उदाहरण मी दरवर्षी दहावीच्या मुलांना घालतो. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. खांबापासून २७ हातांवर असलेला साप बिळाकडे निघालेला मोराला दिसतो आणि तो तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले असेल, तर साप बिळापासून किती हातांवर सापडेल? बिळापासूनचे अंतर क्ष मानले की सापाने कापलेले अंतर २७ वजा क्ष होते, मोराची झेप काटकोन त्रिकोणाचा कर्ण होते, आणि त्या दोन्हींचे वर्ग सारखे मांडताच क्ष-वर्ग दोन्ही बाजूंनी निघून जाऊन १२ हात एवढे सरळ उत्तर उरते. वर्गसमीकरणाच्या तयारीने बसलेल्या मुलांची इथे थोडी निराशाच होते. मला मात्र यातला साप फार आवडतो. मोर अंगावर येत असतानाही तो वेग वाढवत नाही, दिशा बदलत नाही आणि उदाहरणाचा मान राखतो.

काटकोन त्रिकोण पुस्तकाबाहेर पाहायचा असेल तर आमच्याकडे लांब जावे लागत नाही. कर्नाटकात घराची जागा 'तीस बाय चाळीस'ची असणे हे इतके रुळलेले आहे की गवंड्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. मागच्या गल्लीत पाया आखताना मी मुद्दाम थांबून पाहिले. मिस्त्रीने कोपऱ्यात गुण्या लावला, दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या. पण त्याचे समाधान तेवढ्यावर झाले नाही. त्याने पोराच्या हातात टेपचे टोक देऊन त्याला समोरच्या कोपऱ्यात उभे केले आणि आडवे माप घेतले. ते ५० फुटांच्या वर दोन बोटे भरले तेव्हा त्याने एक खुंटी उपटून जराशी आत ठोकली, मग दुसरा कर्ण मापला, पुन्हा पहिला मापला, आणि दोन्ही बरोबर ५० आल्यावरच चुन्याची फक्की टाकायला सांगितली. पायथागोरसचे प्रमेय परीक्षेत सिद्ध करून दाखवणाऱ्या किती मुलांना आपण राहतो त्या जागेचा कर्ण ५० फूट आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे. गुंठ्याच्या बाबतीत ही सोय नाही. ३३ फूट बाजूच्या त्या चौरसाचा कर्ण ४६ फूट ८ इंचांच्या किंचित पुढे जातो आणि टेप कितीही बारीक खुणांची घेतली तरी कोणत्याच खुणेवर नेमका बसत नाही.

तो गुंठाच घेऊन मी यंदा एक उदाहरण रचले. शेताचा आकार समलंब चौकोनाचा आहे, रस्त्याकडची बाजू २३१ फूट, तिला समांतर असलेली मागची बाजू १६५ फूट आणि दोहोंतले अंतर ३३० फूट. तिघा भावांत समान वाटण्या करा. ३३ फुटांची साखळी माप धरली तर बाजू ७ आणि ५ साखळ्या, खोली १० साखळ्या, म्हणून क्षेत्रफळ ६० गुंठे, अर्थात दीड एकर, आणि प्रत्येकाच्या वाट्याला २० गुंठे येतात, इथवर सगळ्यांनीच झटपट मजल मारली. पुढे बांध कुठे घालायचा हे ठरवताना बहुतेकांनी रस्त्याला समांतर रेघा ओढल्या आणि मागच्या वाटणीची खोली क्ष मानली. मग क्ष-वर्ग अधिक ५० क्ष वजा २०० बरोबर शून्य असे समीकरण आले, ३३०० चे वर्गमूळ काढावे लागले आणि पावणेचार साखळ्यांपेक्षा थोडे कमी असे अवघडलेले उत्तर हाती आले. त्यात चूक काहीच नव्हती.

दहावीतल्या एका मुलीने मात्र पेन्सिल खाली ठेवली. "काका, मागच्या दोघांनी शेतात जायचं कुठनं? रस्ता सगळ्यांना पाहिजेच की!" असे म्हणून तिने रस्त्याकडच्या बाजूचे ७७-७७ फुटांचे तीन भाग केले, मागच्या बाजूचे ५५-५५ फुटांचे तीन भाग केले आणि समोरासमोरच्या खुणा जोडल्या. तीन पट्ट्या, तिन्हींच्या समांतर बाजू सारख्या, उंची तीच, म्हणजे क्षेत्रफळही तेच. तिला क्ष लागला नाही की वर्गमूळ लागले नाही. भाऊबंदकी पाहिलेल्या घरातले साधे शहाणपण तिने आकृती काढण्याआधी वापरले होते. बाकीच्यांनी आपापली समीकरणे झाकून तिच्या वहीत डोकावायला सुरुवात केली.

मी शाबासकी देईपर्यंत तिने डावीकडच्या बांधावर एक लहानसे वर्तुळ काढले होते. हे काय म्हणून विचारले तर म्हणाली, "विहीर. तुम्ही दाखवलीच नाही." डावीकडच्या दोघांना ती अर्धी अर्धी मिळेल, पण तिसऱ्याने पाणी कुठले घ्यायचे, ते मी उद्यापर्यंत सोडवून आणायचे आहे.