वॅटला 120 अँपिअर, मग बाजारात का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच: "तुमचा झिंक ऑक्साइड-ग्राफीनचा (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) अतिनील सेन्सर एक वॅट प्रकाशाला 120 अँपिअर करंट देतो, सिलिकॉन फोटोडायोड अर्धा अँपिअरही देत नाही. मग तुमचा विकत का मिळत नाही?"

आकडा खोटा नव्हता, हे आधी सांगते. 365 नॅनोमीटरला फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन मिळाला तर वॅटला 0.29 अँपिअर होतात. म्हणजे 120 हा चारशेपट गेन, एका फोटॉनमागे चारशे इलेक्ट्रॉन. कणांच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून बसतो. प्रकाशाने तयार झालेला होल (इलेक्ट्रॉनची रिकामी, धन प्रभाराची जागा) तिथे अडकतो, ऑक्सिजन सुटतो आणि एकटा उरलेला इलेक्ट्रॉन सर्किटमधून फिरत राहतो. गेन येतो तो यातून, आणि दिवा विझल्यावर करंट लवकर उतरत नाही तोही यामुळेच.

आम्ही 5 व्होल्ट लावून, तीन मिनिटं सतत प्रकाश टाकून वाचन घेतलं होतं. करंट 37 टक्क्यांवर उतरायला 40 सेकंद लागत. पुढे चॉपर, म्हणजे प्रकाश चालू-बंद करणारी फिरती चकती, 10 हर्ट्झला (सेकंदाला दहा वेळा) लावला आणि 120 चे 0.05 झाले. सिलिकॉनपेक्षा कमी!

खरा घाव डिटेक्टिव्हिटीचा, म्हणजे किती मंद प्रकाश ओळखता येतो त्या मापाचा. डार्क करंट (अंधारातही वाहणारा करंट) 100 नॅनोअँपिअर, क्षेत्रफळ 1 चौरस मिलिमीटर. नॉइज (करंटची आपोआप होणारी थरथर) मोजलाच नव्हता, शॉट नॉइजच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटेसुटे येण्यामुळे होणाऱ्या थरथरीच्या, सूत्रातून काढला होता: सुमारे 1.8×10⁻¹³ अँपिअर प्रति रूट हर्ट्झ. डिटेक्टिव्हिटीचं उत्तर आलं 6.7×10¹³ जोन्स (हे तिचं एकक; आकडा मोठा तेवढा सेन्सर चांगला). नंतर लो-नॉइज प्रीअँप्लिफायर लावून 1 हर्ट्झला खरोखर मोजला, तर 4×10⁻¹¹ निघाला. डिटेक्टिव्हिटी 3×10¹¹ वर, दोनशेपटीहून खाली. रिस्पॉन्सिव्हिटीत (वॅटला किती अँपिअर, त्या आकड्यात) गेन धरायचा आणि नॉइजमध्ये विसरायचा, ही चूक आहे. गेन नॉइजलाही वाढवतो, वर कणाकणांमधल्या सांध्यांचा 1/एफ नॉइज (फ्रीक्वेन्सी कमी तेवढा जास्त असणारा) वेगळाच. "सगळे असंच काढतात" हे तेव्हाचं माझं उत्तर होतं. आज ते पटत नाही.

ग्राफीन वाढवलं की वेग वाढेल, असंही वाटायचं. थोडं वाढतोही, कारण ग्राफीन इलेक्ट्रॉन ओढून घेतं. पण आमच्या फिल्ममध्ये वजनाने 0.5 टक्क्याच्या पुढे तुकडे एकमेकांना लागू लागले आणि डार्क करंट उसळला. अल्ट्रासॉनिकमधून काढलेलं मिश्रण लगेच स्पिन केलं (वेगाने फिरवून पातळ पसरवलं) नाही, तर गुठळ्या होऊन याहून कमी प्रमाणातही शॉर्ट होतं. 2000 आरपीएमला तीन थर द्यायचे, प्रत्येक थर 150 अंशांवर 10 मिनिटं सुकवायचा.

तरीही हे काम वाया गेलं, असं मी म्हणणार नाही. दृश्य प्रकाशाला ही फिल्म जवळजवळ आंधळी आहे, त्यामुळे सिलिकॉनसारखा फिल्टर लागत नाही, आणि 150 अंश सोसणाऱ्या प्लास्टिकवरही ती बसते. दिवसभरात किती अतिनील पडलं एवढंच मोजायचं असेल, तर सेकंदांची घाई कशाला?

पण पावसाळ्यात पृष्ठभागावर पाणी बसतं आणि बेसलाइन (प्रकाश नसतानाचं वाचन) सरकते. त्यावर पीएमएमएचा (ॲक्रिलिक प्लास्टिकचा) थर दिला तर पाणी अडतं, पण ऑक्सिजनही अडतो, आणि तो परत आला नाही तर करंट उतरतच नाही. सध्या टेबलावर दोन्ही नमुने आहेत, एक झाकलेला, एक उघडा.