काम संपलेला कागद

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असे पत्र मुख्याध्यापिकांकडून आले, तेव्हा पाचवीपासून दहावीपर्यंतच्या आठवणी क्रमाने लिहाव्यात असे मी ठरवले होते. प्रत्यक्षात तीन संध्याकाळी कागद पुढे घेऊन बसले आणि तिन्ही वेळा मनासमोर एकच खोली उभी राहिली. जिन्याजवळच्या बोळाच्या टोकाची, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या असलेली आणि पावसाळाभर ओल्या चुन्याचा वास धरून राहणारी ती चित्रकलेची खोली. इतर गुरुजनांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहेच. गणिताच्या बाईंनी माझ्यासाठी घेतलेले कष्ट मी विसरलेले नाही. परंतु आज छप्पन्नाव्या वर्षी सकाळी उठल्यावर माझे हात ज्या कामाकडे आपोआप वळतात, ते काम मला चित्रकलेच्या सरांनी दिले, म्हणून हे मनोगत त्यांच्याविषयीच होणार, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यांचे नाव लिहिण्याची गरज नाही. आमच्या पिढीच्या कोणाही विद्यार्थ्यापुढे नुसते ‘सर’ म्हटले तरी खांद्यावर झोळी आणि बोटांना कायम निळी शाई असलेली ती मूर्ती डोळ्यांपुढे येईल.

आठवीत असताना, डिसेंबर १९८२ मध्ये, सर आमच्या तुकडीला औंधला घेऊन गेले. रहिमतपूरमार्गे जाणारी एसटी, डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, यमाईच्या डोंगराची चढण हे सारे सर्वांच्याच लक्षात असेल. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे अधिपती स्वतः चित्रकार होते आणि १९३८ साली त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’पासून हेन्री मूरच्या ‘माता आणि बालक’ या शिल्पापर्यंतचा ठेवा आहे, ही माहिती सरांनी बसमध्येच सांगून टाकली. आत गेल्यावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. प्रत्येकाने एकच चित्र निवडायचे आणि वीस मिनिटे त्याच्यासमोरून हलायचे नाही, वही-पेन्सिल बाहेर काढायची नाही, एवढीच त्यांची सूचना होती. मी ‘सैरंध्री’समोर उभी राहिले. पहिल्या दोन-तीन मिनिटांत सगळे पाहून झाले असे मला वाटले होते. उरलेल्या वेळात त्या स्त्रीच्या चेहऱ्यावरचा संकोच हळूहळू दिसू लागला, आणि चित्र पाहण्यासाठी वेळ द्यावा लागतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

परतीच्या प्रवासात, सातारा स्टँड जवळ आल्यावर, सरांनी आमच्याकडून तिकिटे मागून घेतली. तेव्हाची एसटीची तिकिटे आजच्या मुलांनी पाहिलेली नसतील. कंडक्टरच्या पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या किमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या वेगवेगळ्या रंगांत रचलेल्या असत, आणि तिकीट फाडून देताना तो चिमट्याने त्यांना भोक पाडत असे. पुढच्या शनिवारी सरांनी काळ्या पुठ्ठ्यावर त्या तिकिटांचा साताऱ्याहून औंधला जाणारा रस्ता तयार केला. तिकिटांच्या भोकांतून मागचा काळा पुठ्ठा दिसत होता आणि आमच्यापैकी कोणीतरी ती रस्त्यावरची झाडे आहेत असे म्हटले. याला कोलाज म्हणतात आणि फ्रेंच भाषेतल्या ‘चिकटवणे’ या क्रियापदावरून तो शब्द आला आहे, असे सरांनी फळ्यावर लिहिले. पुढे कोल्हापुरात कलाशिक्षण घेताना मला समजले की पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली चित्रात कागद व छापील तुकडे चिकटवायला सुरुवात केली, आणि जर्मनीतल्या कुर्ट श्विटर्सने तर ट्रामची तिकिटे आणि रस्त्यात पडलेली वेष्टणे यांतून आपले आयुष्यभराचे काम उभे केले. वर्गातल्या इतरांसाठी ती माहिती नवी होती. माझ्या मनात मात्र श्विटर्सच्या नावाआधी आमच्या सरांचा तो काळा पुठ्ठा येतो.

इथे एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे घर चिमणपुऱ्यात होते आणि माझी आई रद्दीच्या कागदाच्या पिशव्या करून पेठेतल्या किराणा दुकानांना पुरवत असे. शाळेत येताना माझ्या नखांत वाळलेली खळ असायची आणि ती कोणाला दिसू नये म्हणून मी बोटे मिटून बसत असे. सरांच्या ते लक्षात आले. त्यांनी त्याविषयी विचारले नाही, ते एका रविवारी सरळ आमच्या घरी आले आणि ओट्यावर बसून आईला म्हणाले, “बाई, आमच्या वर्गातली खळ चार दिवसांत आंबते, मग त्यात किडे होतात. तुमची टिकते कशी, ते मला शिकवा.” आईने त्यांना गव्हाच्या पिठात गुठळी न होऊ देता पाणी कसे घालायचे, मंद आचेवर खळ पारदर्शक दिसेपर्यंत कशी ढवळायची आणि शेवटी चिमूटभर मोरचूद का घालायचे, हे सारे सांगितले. सरांनी ते वहीत लिहून घेतले. सोमवारी त्यांनी ती कृती वर्गाला सांगितली आणि ती कोणाकडून शिकलो, तेही सांगितले. त्यानंतर मी बोटे मिटून बसले नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सारे लिहीत आहे, तो प्रसंग. नववीत, जानेवारी १९८४ च्या स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनासाठी, मी अजिंक्यताऱ्याचे कोलाज करत होते. किल्ल्याचा डोंगर कातळाच्या आडव्या थरांचा आहे आणि वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने फाडला की सरळ पट्ट्या निघतात, दुसऱ्या दिशेने फाडला की कड वाकडीतिकडी येते, हे सरांनी दाखवल्यामुळे सरळ पट्ट्यांचा कातळ आणि वाकड्या पट्ट्यांची झाडी असा डोंगर चांगला जमला होता. आकाशासाठी मात्र मला हवा तसा निळा रंग कुठेच मिळेना. मार्बल पेपरचा निळा फार भडक, पतंगाच्या कागदाचा फार फिका. ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या एका जुन्या दिवाळी अंकात समुद्राचे रंगीत चित्र होते. मधल्या सुट्टीत कोणी नसताना मी त्यातला तळहाताएवढा तुकडा ब्लेडने कापून घेतला.

सरांनी तो तुकडा पाहिला आणि लगेच ओळखला, कारण तो अंक त्यांनीच शाळेला दिला होता. ते रागावले नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले, ग्रंथालयातून तो अंक आणून टेबलावर उघडून ठेवला आणि त्या पानातल्या चौकोनी खिडकीतून मागचे पान दिसत होते तिकडे नुसते बोट दाखवले. मागच्या पानावर एक कविता होती आणि तिच्या चार ओळी माझ्या ब्लेडने गेल्या होत्या. रंगाकडे पाहताना पाठीमागे काय छापले आहे, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. मग ते म्हणाले, “कागद घ्यायच्या आधी त्याला विचारायचं, तुझं काम संपलं का. तिकिटाचं काम प्रवास झाल्यावर संपतं, पत्रिकेचं लग्न लागल्यावर संपतं. पुस्तकाच्या पानाचं काम असं आपण ठरवून संपत नाही.”

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ते पान दुरुस्त केले. कोलाजवरच्या निळ्या तुकड्यावर त्यांनी ओला करून पिळलेला रुमाल पसरला, अर्ध्या तासाने बोथट सुरी कडेखाली सरकवली आणि तुकडा अखंड सुटून आला. गव्हाची खळ पाण्याने पुन्हा मऊ होते, म्हणून तो सुटला. आजच्या पांढऱ्या डिंकाने चिकटवला असता तर तो तुकडा आणि त्यासोबत त्या चार ओळीही कायमच्या गेल्या असत्या. वजनाखाली वाळवून तो पुन्हा पानातल्या खिडकीत बसवला आणि अक्षरांवर येणार नाहीत अशा बेताने पतंगाच्या पांढऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्यांनी चारी सांधे जोडले. खळ आईची होती. काम संपले तेव्हा बाहेर अंधार झाला होता आणि सर मला घरापर्यंत सोडायला आले. वाटेत ते कास तलावाच्या पाण्याचा रंग सप्टेंबरात कसा बदलतो याविषयी बोलत होते.

माझे कोलाज प्रदर्शनात लागले. आकाशाच्या जागी पुठ्ठ्याचा तपकिरी चौकोन आणि त्यावर खळीचा डाग तसाच होता. मी दुसरा कागद लावू का, असे विचारले तर सरांनी नको म्हटले. सगळी शाळा त्यासमोरून गेली. पाहुण्यांनी चौकशीही केली. सर त्यांच्या शेजारीच उभे होते आणि त्यांनी एवढेच सांगितले की त्या जागेचा कागद परत करावा लागला.

तेव्हापासून आजपर्यंत मी कोणत्याही पुस्तकाला ब्लेड लावलेले नाही. माझे पहिले प्रदर्शन साताऱ्यातच १९९८ साली झाले आणि त्यानंतर पुण्यामुंबईतही माझी चित्रे लागली. कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून सोनकी आणि तेरड्याची माझी जलरंगातली चित्रे आधी विकली जातात, आणि घर त्यांच्यावर चालते, हेही खरे आहे. तरी माझे मन आहे ते कोलाजमध्येच. लग्नपत्रिका, कंदी पेढ्यांच्या खोक्यांची झाकणे, मुदत संपलेली पंचांगे, वीजबिले, साखर कारखान्यांच्या उसाच्या पावत्या असे काम संपलेले कागद लोक मला आणून देतात आणि त्यांतून मी सातारा करते. पहिल्या प्रदर्शनाला सर आले होते. त्यांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती, म्हणून ते प्रत्येक चित्राच्या अगदी जवळ जाऊन कड न्याहाळत होते. एका चित्रातल्या जुन्या पोस्टकार्डासमोर ते थांबले आणि वळून म्हणाले, “याला विचारलं होतंस ना?” ते कार्ड माझ्या आईचे होते आणि तिने स्वतः दिले होते, असे मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. पुढे दोन वर्षांनी ते गेले.

काही गोष्टींची खंत लिहिल्याशिवाय राहवत नाही. एसटीचे तिकीट आता यंत्रातून निघते. ते उष्णतेने उमटते आणि काही महिन्यांत कोरे होऊन जाते, त्यामुळे आजच्या सहलीचा रस्ता कोणत्याही सरांना पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवता येणार नाही. लग्नाची आमंत्रणे फोनवर येतात. चित्रकलेच्या खोलीत संगणक बसले आहेत, ते मुलांच्या उपयोगाचे आहेत हे मी जाणते. पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या पलीकडे चित्रकलेचा तास उरला नाही आणि त्या उत्तरेच्या खिडक्यांना आता गडद पडदे आहेत, हे पाहून मी परवा बोळातच थांबले.

अमृतमहोत्सवासाठी मी शाळेला एक मोठे कोलाज भेट देत आहे. मुख्याध्यापिकांनी रद्दीत काढायच्या जुन्या दप्तरांचे सात गठ्ठे माझ्या स्वाधीन केले. त्यांचे काम संपले आहे ना, हे मी त्यांना तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा त्यांनी हसून होकार दिला. बाकोऱ्या पडलेली हजेरीपत्रके, वार्षिक निकालांचे कच्चे तक्ते, घंटेची वेळापत्रके असा तो ऐवज आहे आणि त्यातून शाळेच्या दर्शनी भिंतीचे दगड तयार होत आहेत. पाचव्या गठ्ठ्यात चित्रकला विभागाची साहित्याची नोंदवही निघाली. तीत १९८३ च्या पानावर सरांच्या निळ्या अक्षरात डिंकाच्या बाटल्यांची ओळ खोडलेली आहे आणि तिच्या खाली ‘गव्हाचे पीठ, मोरचूद’ असे लिहून पुढे माझ्या आईचे नाव आहे. ती वही मी गठ्ठ्यातून बाहेर काढली, नव्या कापडात बांधली आणि ग्रंथालयात ठेवण्यासाठी परत दिली.