लिपस्टिकमुळे उतरवलेलं पोस्टर

लंडनमधल्या संग्रहालयांच्या दुकानांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली म्हणून दोन पोस्टरं हमखास दिसतात. मगावर, टी-टॉवेलावर, फ्रिजच्या चुंबकावर. एक लाल कागदावर मुकुट असलेलं ‘कीप काम अँड कॅरी ऑन’. १९३९ मध्ये याच्या जवळपास २५ लाख प्रती छापल्या, आणि तुरळक अपवाद सोडले तर युद्ध संपेपर्यंत त्या भिंतीवर लागल्याच नाहीत. दुसरं, डोक्याला रुमाल बांधून दंड दाखवणारी बाई. ती तर इथली नव्हेच. अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या कारखान्यांत फेब्रुवारी १९४३ मध्ये दोन आठवडे टांगलेला कागद तो, आधीच कामावर असलेल्यांसाठी. भरतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी ‘बायकांना युद्धात बोलावणारं पोस्टर’ म्हणून आपल्याकडेही महिला दिनाला हीच बाई व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

बायकांना सैन्यात बोलावण्यासाठी काढलेलं जे पोस्टर खरोखर गाजलं, ते सरकारने स्वतःच उतरवलं. त्याबद्दल इथे फार कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

एटीएस, म्हणजे ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस, ही ब्रिटिश लष्कराची स्त्री-शाखा सप्टेंबर १९३८ मध्ये सुरू झाली. स्वयंपाकी, कारकून, भांडारपाल, ड्रायव्हर, टेलिफोनवाल्या ही सुरुवातीची कामं. १९४१ पर्यंत माणसं कमी पडू लागली, पण मुली या शाखेकडे फिरकेनात. नौदलाच्या ‘रेन्स’चा गणवेश गडद निळा, हवाई दलाच्या शाखेचा करडा निळा आणि एटीएसचा ढगळ खाकी. त्यात बदनामी. या मुलींना ‘अधिकाऱ्यांच्या सतरंज्या’ म्हणण्याइतकी जीभ सैल झाली होती. जनाची नाही तर मनाची, हे इथल्यांनाही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

अशा वेळी काम आलं एब्रम गेम्सकडे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १९१४ साली जन्मलेला हा चित्रकार. वडील छायाचित्रकार असल्यामुळे एअरब्रश, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणारं उपकरण, घरातच शिकलेला. ‘कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त अर्थ’ हे त्याचं सूत्र. आधी इंचभर उंचीची चित्रं काढायची. कल्पना इंचात उभी राहिली नाही तर ती कधीच उभी राहणार नाही, असा त्याचा हिशोब. पोस्टर बनवणाऱ्यांनी हे आजही करून पाहावं. आपल्याकडचा भरतीचा एखादा फ्लेक्स मोबाइलवर तिकिटाएवढा करून बघा. नेत्यांचे फोटो उरतात, भरती दिसत नाही.

१९४१ च्या त्या पोस्टरवर एका मुलीचा चेहरा आहे, बाजूने दिसणारा. टोपी, टोपीवर एटीएसचा बिल्ला. सोनेरी केस, लालभडक ओठ, आणि चेहऱ्याचा मोठा भाग टोपीच्या सावलीत बुडालेला. एअरब्रशची गंमत इथे कळते. सावलीची कड कुठे संपते ते सांगता येत नाही, म्हणून ओठांचा लाल ठिपका आधी डोळ्यांत भरतो आणि मग नजर अक्षरांकडे सरकते. भरतीच्या कागदाला एवढंच साधायचं असतं. रस्त्याने चालणाऱ्या बाईला दोन सेकंद थांबवायचं आणि चौकशी कुठे करायची तो पत्ता वाचायला लावायचं. पत्ता म्हणजे जवळचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज किंवा भरती केंद्र.

लोकांनी तिला ‘ब्लॉन्ड बॉम्बशेल’ म्हणायला सुरुवात केली. मग प्रश्न थेट संसदेत गेला. थेल्मा कॅझलेट या महिला खासदारांचा आक्षेप असा की मुलींनी सैन्यात देशप्रेमाने यावं, नट्टापट्टा बघून नव्हे. पोस्टर मागे घेतलं. मला यात गंमत वाटते ती ही, की ‘मुलींना असं बोलावू नये’ म्हणणाऱ्यांचं वजन संसदेत पडलं. गणवेश ढगळ आहे, पगार पुरुषाच्या दोन-तृतीयांश आहे, याला वाचा फोडणारे तेवढे भारी पडले नाहीत. आपल्याकडेही मुलगी सैन्यात जायची म्हटली की पहिला अडसर आईवडील घालत नाहीत, आत्या घालते. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य आपलंच आहे असं वाटायचं. नाहीये.

पोस्टरने फक्त दार दाखवायचं, उंबरठा ओलांडायला लावायचं काम माहितीपुस्तिकांचं. चांगली पुस्तिका कशी ओळखायची? ती मुलीच्या आणि तिच्या आईच्या, दोघींच्या शंकांना उत्तरं देते: वय किती लागतं, पगार किती, राहायचं कुठे, रजा कधी, काय शिकवणार. अमेरिकेने १९४२ मध्ये स्त्रियांचं दल काढलं तेव्हा अटी स्पष्ट होत्या. वय २१ ते ४५, उंची किमान पाच फूट, वजन किमान १०० पौंड. फसते ती पुस्तिका, जी अवघड गोष्ट गाळते. ब्रिटिश दलांत गरोदर राहिलेल्या मुलीला ज्या नियमाखाली घरी पाठवत, त्याला मुली आपापसांत नुसतं ‘पॅरा ११’ म्हणत. असा नियम पोस्टरवर कोण छापेल? आणि जे कागदावर नसतं ते कुजबुजीतून येतं, दुप्पट होऊन. शेवटी सरकारला व्हायोलेट मार्कहॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९४२ च्या अहवालात तिने चारित्र्यावरच्या अफवा निराधार ठरवल्या.

तोवर कायदा आला होता. डिसेंबर १९४१ पासून २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि मूल नसलेल्या विधवा यांना सक्ती. सैन्याची शाखा, नागरी संरक्षण किंवा कारखाना, यातून निवडायचं. रेन्सकडे स्वखुशीने येणाऱ्यांचीच रांग, त्यामुळे सक्तीने सैन्यात आलेल्या बहुतेक जणी खाकीतच. कायद्यात एक कलम मात्र वाचण्यासारखं आहे. स्त्रीने लेखी संमती दिल्याशिवाय तिला प्राणघातक शस्त्र वापरायला लावता येणार नाही. विमानविरोधी तोफखान्यात याचा अर्थ असा झाला की शत्रूच्या विमानाची उंची मोजणार ती, वेग आणि दिशा यंत्रावर लावणार ती, पण गोळा भरणार आणि डागणार पुरुष. स्त्री-पुरुषांची पहिली मिश्र तुकडी ऑगस्ट १९४१ मध्ये रिचमंड पार्कात आली. आज तिथे लोक हरणं बघायला जातात. १९४३ पर्यंत एटीएसमध्ये दोन लाखांवर स्त्रिया होत्या. पोस्टरमुळे किती आणि कायद्यामुळे किती, याची वाटणी करणं अवघड आहे. माझा कौल कायद्याला.

हिंदुस्थानात १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघालं, त्यात खाकी साडीची सोय होती. नौदलाच्या शाखेतल्या कल्याणी सेन १९४५ मध्ये स्कॉटलंडमधल्या रोसाइथला आल्या तेव्हाचा त्यांचा साडीतला फोटो इथल्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. इंग्रजांना गणवेशाच्या रंगावरून पोरी मिळेनात, आणि आपल्याकडे नऊवारीत घोडा फेकणारी बाई १८५७ मध्येच होऊन गेली, हे वाक्य मी इथे चारचौघांत म्हणतो. सिंगापूरला जुलै १९४३ मध्ये डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांनी वीसेक साडीवाल्या बायकांच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफली देऊन सुभाषबाबूंना मानवंदना दिली. एकही लालभडक ओठ छापावा लागला नाही. आपल्या राणीचं नाव पुरलं आणि आझाद हिंद फौजेची झाशी राणी पलटण उभी राहिली. हे म्हटलं की छाती फुगते. मग आठवतं की आपल्या एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, दार मुलींना उघडायला सर्वोच्च न्यायालय लागलं. पहिल्या मुली खडकवासल्यात दाखल झाल्या २०२२ मध्ये, आणि त्यातल्या १७ जणी बाहेर पडल्या मे २०२५ मध्ये. ब्रिटननेही तोफेचा घोडा हातात दिला नव्हता, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढतो. पण ती गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीची, हेही कळतं.

इकडे आलात तर लॅम्बेथचं इंपीरियल वॉर म्युझियम आणि चेल्सीचं नॅशनल आर्मी म्युझियम, दोन्हीकडे प्रवेश फुकट. मूळ कागद उजेडाने फिका पडतो, म्हणून तो कायम टांगलेला असेलच असं नाही. निघण्याआधी त्यांच्या ऑनलाइन संग्रहात शोधा. समोर आलाच तर आधी दहा पावलं मागून बघा, मग जवळ जाऊन टोपीखालची सावली बघा. आकारही बघा: त्या काळचं नेहमीचं माप २० बाय ३० इंच. दुकानातला मग तेवढा राहू द्या.